उजवीकडचा उजेड

मी आज जो काही आहे तो जगू मेस्तांमुळे आहे. आईवडिलांनी जन्म दिला, प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी अक्षर दिलं, कोल्हापूरच्या कॉलेजने पदवी दिली. या सगळ्यांचा मी ऋणी आहे. पण माझं पोट ज्या कलेवर चाललं ती कला, आणि माणसाच्या तोंडाकडे पाहताना घाई करू नये ही समज, मला मालवणच्या बाजारातले फोटोग्राफर जगन्नाथ मेस्त्री यांनी दिली. गावात त्यांना जगन्नाथ कुणी म्हणत नसे. सुताराला आमच्याकडे मेस्त म्हणतात. त्यांचे वडील सुतार, म्हणून हेही मेस्तच. फोटोग्राफर झाल्यावरही ते मनाने सुतारच राहिले. कॅमेऱ्याची पेटी त्यांनी स्वतः फणसाच्या लाकडाची केली होती. भिंग तेवढं गोव्याहून आणलेलं. पावसाळ्यात ती पेटी फुगायची आणि आत फिल्मच्या जागी असलेली काच सरकेनाशी व्हायची. तेव्हा मेस्त रंधा घेऊन कॅमेरा तासायला बसत. कॅमेरा तासणारा दुसरा फोटोग्राफर मी अजून पाहिलेला नाही.

मालवणच्या भरड भागातून बाजारात उतरताना त्यांचं दुकान लागे. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, आणि त्या छपरात पूर्वेच्या अंगाला ओळीने बसवलेली सहा काचेची कौलं. फोटोचा सगळा उजेड त्या सहा कौलांतून येई. कौलांखाली मांजरपाटाचा पडदा होता. तो काठीने वीतभर पुढे, बोटभर मागे सारत मेस्त उजेड जुळवत. सकाळी नवाच्या आधी आणि अकराच्या नंतर ते फोटो काढत नसत, मग समोर कोणीही येऊन बसो. "उजेड फुकट गावता," ते म्हणत, "पण सावळी मागूची लागता."

भिंगाची टोपी काढली की ते मोठ्याने मोजत: "एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ." टोपी परत बसे. बसलेल्या माणसाला हसू फुटे. मग मेस्त म्हणत, "हललंस. परत." मामलेदार कचेरीतला कारकून असो की मासळीवाली, शब्द तेच दोन. काच धुवून पाहायचीही त्यांना गरज नसे. कोण हललं, कधी हललं, नुसती मान की सगळं अंग, हे त्यांना टोपी बसवायच्या आधीच कळलेलं असे.

मी तोंडवलीचा. वडील किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढायला जात. घरात पहिलं पुस्तक मीच आणलेलं. बी.ए. होऊन परत आलो आणि आठ महिने नुसते अर्ज लिहीत बसलो. लोक वडिलांना विचारत, "काय रे, तुझो बीए वाळूत काय सोधता?" एका अर्जाला फोटो लावायचा होता म्हणून मी मेस्तांकडे गेलो. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि टोपी न काढताच बाहेर आले.

"काढूचंय नाय."

"कित्याक, मेस्तांनू?"

"हो चेरो नोकरी मागणाऱ्याचो नाय. माफी मागणाऱ्याचो. हो फोटो लावलंस तर सायब तुका माफ करतलो, पण नोकरी देवचो नाय. उद्या ये."

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे औषधाचा एक डबा ठेवला. काच धुण्याचं ते औषध, त्यावर सगळं इंग्रजीत छापलेलं. "बीए, काय लिवलेलां आसा तां वाच." मी वाचलं. पाणी गार घ्यावं असं त्यात होतं. मेस्त पोट धरून हसले. "वीस वर्सां कडत पाणी घालतंय रे! आणि म्हणतंय, मालवणची माणसां काळी कशी!"

सहाव्या दिवशी माझा फोटो निघाला. चांगला निघाला. नोकरी काही लागली नाही. मी मात्र त्या दुकानातच राहिलो. इंग्रजी मी वाचायचं आणि हात त्यांनी शिकवायचा, असं ठरवून नव्हे, आपोआप झालं. काच तिरकी धरून बारीक शिसपेन्सिलीने डोळ्याखालचं काळं कसं उजळायचं, सुरकुती किती ठेवायची, किती घालवायची, हे त्यांनी मला दीड वर्ष शिकवलं. "सगळी सुरकुती काडू नको," ते म्हणत. "ती तेणां कमावलेली आसा."

आमच्या किनाऱ्यावर घरातली सगळी माणसं एका वेळी घरात क्वचितच असतात. कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी बोटीवर, कुणी पलटणीत. म्हणून मेस्तांकडे एक रीत होती, तिला ते 'जागा ठेवणं' म्हणत. कुटुंब फोटोला बसलं की नसलेल्या माणसाची जागा मोकळी सोडायची. मग तो रजेवर येई तेव्हा त्याने एकट्याने दुकानात यायचं. तीच वेळ, तीच कौलं, तीच उंची. मेस्त दोन काचांवरून एकच फोटो उतरवत, आणि सांधा कुठे आहे ते दाखवा म्हणून बाजारात पैज लावत.

बंदरावरच्या हसनमियांचा मुलगा आफ्रिकेत होता. त्याला येता येईना, म्हणून त्याने तिथे काढलेला फोटो धाडला. मेस्तांनी पाहिला आणि मान हलवली. घरच्यांच्या तोंडावर उजेड उजवीकडून, मुलाच्या तोंडावर डावीकडून. हसनमियांना कुणीतरी युक्ती सांगितली होती. ते म्हणाले, "मेस्त, काच उलटी लावून छापा. उजेड आपोआप फिरतलो."

"उजेड फिरात," मेस्त तडकले, "पण भांग पण फिरात. तेची आवस भांग वळखता, हसनमियां. उलट्या माणसाक घरात घेऊन काय करतालास?"

त्यांनी माझ्याकडून आफ्रिकेला पत्र लिहून घेतलं. सात महिन्यांनी दुसरा फोटो आला, उजेड उजवीकडून घेतलेला. जोडलेला फोटो हसनमियांच्या बायकोने दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांना लावला. चांगल्या कामासाठी माणसाला थांबवलं तरी चालतं, हा धडा मी त्या दिवशी घेतला.

रीतीला एक नियम होता. जागा फक्त जित्या माणसाला. धामापूरची एक बाई बुडालेल्या नवऱ्याचा जुना फोटो घेऊन आली होती, मुलांच्या शेजारी त्याला बसवा म्हणून. मेस्तांनी तिला पाणी दिलं, नवऱ्याचा वेगळा मोठा फोटो करून दिला, पण बसवला नाही. "जागा वाट बघूक आसता, बाये," ते म्हणाले. "ह्येची वाट बघू नको. ह्येका हार घाल."

दुकानाच्या आतल्या खोलीत त्यांच्या स्वतःच्या घरचा फोटो होता. मेस्त, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकी, मुलगी सुलू, आणि काकींच्या खांद्यामागे उभ्या माणसाएवढी मोकळी जागा. ती त्यांच्या मुलाची, विनूची.

विनूला ते शिसपेन्सिलीचं काम आवडत नसे. तो पळणारा, पोहणारा मुलगा. मी दुकानात होतो त्या काळात, एका लग्नाच्या काचा धुतल्या जात असताना त्याने बाहेरची गंमत बघायला अंधाऱ्या खोलीचं दार उघडलं आणि सगळ्या काचा काळ्या झाल्या. मेस्तांनी गिऱ्हाइकांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. "दार उघडलंस मां? आता भायरच रव." सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. आठ दिवसांत तो आंबोलीचा घाट चढून बेळगावला गेला आणि पलटणीत भरती झाला. आईला पत्र पाठवी, बापाला नाही. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, ज्यांनी निम्म्या तालुक्याचे फोटो काढले त्यांच्याकडे मुलाचा फोटो एकच होता, सातव्या वर्षीचा. तोही हललेला.

एकसष्ट साली माझं लग्न झालं. माझी पत्नी कुसुम शिक्षिका. तिला बेळगावात मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली आणि मी तिच्याबरोबर जायचं ठरवलं. तोंडवलीत लोक हसले. "बायलेच्या मागसून चललो!" मी खाली मान घालून मेस्तांना हे सांगितलं. ते म्हणाले, "जा. बायलेच्या मागसून गेलेलो माणूस वाट चुकणा नाय."

निघताना त्यांनी पडदा सारायची काठी हातात घेतली. मग आतल्या फोटोकडे न बघता म्हणाले, "थंय पलटणीत माझो झिल आसा. भेटलो तर एक काच उघड. उभ्यान काढ. उजेड उजवीकडसून घे." एवढंच. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

बेळगावात मी तीन आठवडे काम शोधलं. त्या शहरात पहाटे बिगूल वाजे आणि दिवसभर खाकी कपडा दिसे. शिंपी गणवेश शिवत, दुकानात बक्कल घासायची पूड मिळे. अशा गावात फोटोचं काम कुणाला हवं असणार, असं मला वाटे. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. संपादक म्हणाले, "महिन्याला दोन फोटो छापतो आम्ही, तेही बाहेरून येतात. छपाईचे खिळे जुळवता येतात का?" येत नव्हते. सिनेमागृहात मध्यंतराला जाहिरातीच्या काचा दाखवत. त्या काचा मॅनेजरांचा मेहुणा रंगवी. रंगरूटांना शिकवण्यासाठी लष्कराच्या फिल्म येत असत असं कळलं, म्हणून एका कारकुनाला भेटलो. तो म्हणाला, "फिल्म वरून तयार येते. डबे उचलायला माणूस हवाय. बी.ए. कशाला?" कुसुम शाळेतून येई, माझ्या तोंडाकडे पाही आणि चहा टाकी.

शेवटी कॅम्पातल्या डिसोझा नावाच्या वृद्ध गृहस्थांच्या स्टुडिओत गेलो. त्यांनी एका शिपायाची ओरखडे पडलेली काच पुढे टाकली. मी दोन तास शिसपेन्सिल चालवली. त्यांनी ती खिडकीशी धरली आणि विचारलं, "हात कुणाचा?"

"मालवणच्या मेस्तांचा," मी म्हणालो. मला ठेवून घेतलं.

काम भरपूर होतं. ओळखपत्रांचे फोटो, आख्ख्या तुकडीचे लांबलचक फोटो, वर्गात दाखवायच्या नकाशांच्या काचा. शपथेची परेड झाली की नवे शिपाई गणवेशात फोटो काढून घरी धाडत. आमच्या मालवणात कुणी स्थिर बसत नाही. इथे कुणी हलत नव्हतं. पण माझ्या काचांवर सगळे चेहरे सारखे येऊ लागले. डिसोझा नाराज झाले. मी घाबरून मेस्तांना लिहिलं. त्यांचं कार्ड आलं, बोलत तसंच लिहिलेलं: "ताठ माणसाचो फोटो सोपो, पण चेरो गावणा नाय. टोपी काडूच्या आदी तेका आवशीचा नाव विचार." मी विचारू लागलो. आईचं नाव सांगताना कितीही कडक शिपाई असो, त्याच्या तोंडावर क्षणभर घर येई. तेवढ्यात मी काच उघडत असे. वर्षभरात शिपाई माझ्यासाठी थांबू लागले. माझी नोकरी त्या एका ओळीवर पक्की झाली.

बासष्टच्या हिवाळ्यात चीनची लढाई झाली. ती संपल्यावर मेस्तांच्या घरी सरकारी कागद आला. विनायक जगन्नाथ मेस्त्री, बेपत्ता.

मी पुढच्या मे महिन्यात मालवणला गेलो. मेस्तांचे केस पांढरे झाले होते. सकाळचे साडेनऊ वाजले होते, गिऱ्हाईक कुणी नव्हतं, तरी ते काठीने पडदा सारत उजेड जुळवत होते. काकींनी मला चहा दिला आणि समोर बसल्या.

"सदा, कागदात मेलो म्हणान नाय आसा. ह्येंका म्हटलंय, आता तरी तेका जाग्यार आणा. हे म्हणतत, फोटो खंय आसा? तू थंयच असतंस. तुझ्याकडे असतलो एखादो?"

माझ्याकडे फोटो नव्हता, हे खरं. पण विनू माझ्याकडे आला होता, हे मी सांगितलं नाही. "नाही काकी," मी म्हणालो. "तो कधी स्टुडिओत आला नाही."

मेस्त पडद्याकडे पाहत होते. काठी थांबली. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हललंस," ते म्हणाले.

'परत' म्हणाले नाहीत.

दुपारी ते मला स्टँडवर पोहोचवायला आले. वाटेत रंध्याच्या पात्याबद्दल बोलले, कुसुमच्या शाळेबद्दल विचारलं. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी निरोपाचा हात वर केला, पण हलवला नाही. भिंगाची टोपी काढल्यावर धरत तसा तो छातीशी धरून ठेवला. त्यांचे ओठ मोजल्यासारखे हलत होते. मी खिडकीत अगदी स्थिर बसून राहिलो. वळण आलं तोवर त्यांनी हात खाली घेतला नव्हता. मी मेस्तांना पाहिलं ते शेवटचं.

बेळगावला पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांना पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. चार वर्षांनी ते गेले. मी उत्तरकार्याला गेलो तेव्हा सुलूने आतल्या खोलीतला तो फोटो उतरवला. मोकळी जागा तशीच होती. चौकटीच्या मागच्या फळीत, नेमकं त्या जागेच्या पाठीमागे, माझं पत्र होतं. घड्या झिजून फाटायला आल्या होत्या. सुलू म्हणाली, "बाबा दर आयतवारी आयेक वाचून दाखयत." ते पत्र तिने मला परत दिलं. त्यातलं अक्षरही न बदलता इथे उतरवतो.

*

बेळगाव, कॅम्प

तीर्थस्वरूप मेस्त यांस सदाशिवचा साष्टांग नमस्कार.

काकींनी मला विचारलं आणि मी नाही म्हणालो. तुम्ही हललंस म्हणालात. तुमचं बरोबर होतं.

विनू माझ्याकडे आला होता. लढाईच्या आधी काही दिवस, त्याची पलटण बेळगावला परतली तेव्हा. शपथेची परेड झाली होती आणि स्टुडिओत चाळीस शिपाई रांगेत होते. मी एका पोराला आईचं नाव विचारलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि माझ्या आवशीचा नाव विचारूचंस नाय?" वळून पाहिलं तर विनू.

तो उंच झाला आहे. माझ्यापेक्षा चार बोटं वर. बारीक मिशी ठेवली आहे. उन्हाने नाक सोललेलं आहे. कान थेट तुमचे. डाव्या भुवईवर एक जुनी खूण आहे, ती काकींना माहीत असेल. भांग डावीकडे.

त्याने विचारलं, "बाबा अजून नारळ मोजतत?" मी हो म्हटलं. तो खूप हसला. रांगेतले शिपाई बघू लागले. मग म्हणाला, "आयेन लिवलेलां, माझी जागा ठेवलेली आसा म्हणान. काढ तर. बाबांक धाड. मावतंय काय बघूंदेत."

मेस्त, तो उभा राहिला. त्याने टोपी काढून केस विंचरले आणि तो उभा राहिला. पण दिवे डावीकडे होते. परेडच्या दिवशी मालक दिवे हलवू देत नाहीत. काच उलटी छापता आली असती, पण मला हसनमियांचा दिवस आठवला. माझ्या मनात आलं, मेस्तांच्या घरच्या फोटोत चुकीचा उजेड मी घालणार नाही. मी विनूला म्हणालो, पुढच्या रविवारी सकाळी ये, उजवीकडून उजेड घेऊन नीट काढतो. तो म्हणाला, "तू बाबांचोच चेलो." आणि टोपी घालून गेला.

गुरुवारी त्यांची तुकडी गेली. मला ठाऊक नव्हतं. रविवारी मी दिवे उजवीकडे लावून दुपारपर्यंत बसलो होतो.

एक काच उघडली असती तर उजेड चुकला असता, पण विनू तुमच्याकडे आला असता. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या आणि ती काच जन्मभर जपली असती. हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. तुम्ही मला थांबायला शिकवलंत. कधी थांबू नये हे मी स्वतः शिकायचं होतं, ते शिकलो नाही. यात तुमची चूक नाही, माझी आहे.

फोटो नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो. जाताना दारात तो वळला आणि त्याने विचारलं, "आये बरी आसा?" मी बरी आहे म्हणालो. मग म्हणाला, "आणि ते?" मी म्हणालो, तेही बरे आहेत, तुझी वाट बघतात. तो दारातच थांबला. तसाच माझ्याकडे बघत उभा राहिला. मी मनात मोजलं. एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ. तो हलला नाही. दार उघडं होतं आणि बाहेरचं ऊन त्याच्या तोंडावर येत होतं, उजवीकडून.

काकींना हे वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं आहे. ह्या वेळी हललो नाही.

आपला,
बीए